पनवेल परिसरातील नवे घर आणि चार्ल्स कोरिया यांची वास्तुदृष्टी

एखाद्या नामवंत वास्तुविशारदाच्या शैलीचे घर हवे, अशी इच्छा घेऊन येणारा मालक बहुधा छायाचित्रे बरोबर आणतो, आणि शैलीचा जो भाग नव्या घराला सर्वांत कमी उपयोगाचा असतो, म्हणजे दर्शनी बाजू, तोच छायाचित्रांत सर्वांत ठळक दिसतो. उतरती कौले, उघड्या विटा, गोल खिडकी किंवा रंगीत भिंत यांची नक्कल कोणताही ठेकेदार करून देतो. पण घर राहायला सुखाचे होते ते मोकळ्या आणि झाकलेल्या जागांच्या क्रमामुळे, वारा कोठून येतो आणि पावसाचे पाणी कोठे जाते याच्या विचारामुळे, आणि कुटुंब वाढल्यावर घराला वाढता येते की नाही यामुळे. पनवेल आणि त्याच्या आसपास नवे घर बांधणाऱ्यांसाठी हा भेद समजून घेण्याची सोय अगदी जवळ उपलब्ध आहे, कारण चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी आखलेली बेलापूरची वसाहत हार्बर मार्गावर पनवेलपासून चौथ्या स्थानकाच्या परिसरात आहे.

कोरिया यांचा या भूभागाशी संबंध एका वसाहतीपुरता नव्हता. मुंबईची वाढ दक्षिणोत्तर चिंचोळ्या बेटावर कोंडण्याऐवजी खाडीपलीकडे न्यावी, हा प्रस्ताव त्यांनी प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह १९६०च्या दशकाच्या मध्यावर मांडला. पुढे १९७० मध्ये या नव्या शहरासाठी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाल्यावर ते काही वर्षे तिचे प्रमुख वास्तुविशारद होते. बेलापूरची वसाहत त्यानंतरची, १९८३ ते १९८६ या काळातली. सुमारे ५.४ हेक्टर जागेवर साडेपाचशे कुटुंबांसाठी ती आखली गेली. प्रत्येक भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यानचा, म्हणजे गरीब आणि बऱ्या स्थितीतल्या कुटुंबाच्या जमिनीत दुपटीहूनही कमी अंतर. सात घरे मिळून सुमारे ८ मीटर लांबीरुंदीचे एक सामाईक अंगण, असे तीन गट मिळून १२ मीटरचे मोठे अंगण, आणि पुढे त्याहून मोठी जागा, अशी ती चढती रचना आहे. घरे भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींची आणि कौलारू छपरांची, म्हणजे गावातल्या गवंड्याला आणि सुताराला बांधता व दुरुस्त करता येतील अशी होती. शेजाऱ्यांत सामाईक भिंत मात्र ठेवली नव्हती, कारण सामाईक भिंत असली की एकाने मजला चढवायचा म्हटले तरी दुसऱ्याची संमती लागते.

आज ही वसाहत पाहायला जाणाऱ्याला मूळ कौलारू घरे मोजकीच दिसतात. बहुतेक ठिकाणी काँक्रीटचे दोन-तीन मजले चढले आहेत, गच्च्या आल्या आहेत, दर्शनी फरशा लागल्या आहेत, आणि छायाचित्र बघून आलेला माणूस निराश होतो. ही निराशा अस्थानी आहे. वाढत जाणारे घर ही कल्पना कोरिया यांनी स्वतःच गृहीत धरली होती, आणि वाढीच्या या चार दशकांत बदलली ती मुख्यतः घरे, अंगणांची मांडणी आजही ओळखता येते. ज्याला शैली म्हणतात तो थर गळून पडला तरी जागांची व्यवस्था उरली, आणि म्हणूनच नव्या घरासाठी कोरिया यांच्याकडून काही घ्यायचे असेल तर ते ही व्यवस्था होय.

या व्यवस्थेच्या मुळाशी असलेल्या कल्पनेला त्यांनी आकाशाला खुली जागा असे म्हटले. उष्ण हवेच्या प्रदेशात माणूस दिवसभर एकाच बंद खोलीत नीट राहू शकत नाही. सकाळी ओटीवर, दुपारी आतल्या सावलीत, संध्याकाळी अंगणात आणि उन्हाळ्यातल्या रात्री गच्चीवर अशी त्याची हालचाल असते, आणि म्हणून अंगण, पडवी, गच्ची याही खोल्याच मानल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईच्या हवेत पावसाळा वगळता वर्षाचा बराच काळ घरातली पुष्कळ कामे उघड्यावर होऊ शकतात, त्यामुळे अंगणाची उपयुक्तता तेवढ्याच खोलीच्या जवळजवळ निम्मी धरावी, असा हिशेब त्यांनी मांडला होता. खर्चाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे, कारण अंगणाला छत, खिडक्या आणि गिलावा लागत नाही. वास्तुविशारदाला भेटण्यापूर्वी कुटुंबाने एक काम स्वतः करावे: घरातली सगळी कामे, म्हणजे धान्य निवडणे, कपडे वाळवणे, मुलांचा अभ्यास, आजीचे दुपारचे पडणे, पाहुण्यांशी बोलणे, गणपतीची आरती, ही दिवसाच्या वेळेनुसार आणि ऋतूनुसार लिहून काढावीत, आणि त्यांपैकी कोणती छताखाली, कोणती नुसत्या सावलीत आणि कोणती उघड्यावर होतात याची खूण करावी. तीन शयनगृहे, एक दिवाणखाना अशी यादी त्यानंतर केली तर ती बहुधा आखूड होते.

आता अडचणीकडे वळले पाहिजे, आणि ती अडचण म्हणजे पाऊस. कोरिया यांची जी घरे ग्रंथांतून सर्वाधिक छापली जातात त्यांतली महत्त्वाची घरे अहमदाबादची आहेत: १९६१–६२ चे अरुंद, लांबट नळीघर, ज्यात तापलेली हवा उतरत्या छताच्या आतून वर सरकून माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडते आणि खालून थंड हवा आत ओढली जाते, किंवा पारेख कुटुंबाचे घर, ज्यात उन्हाळ्यासाठी एक आणि हिवाळ्यासाठी दुसरा असे दोन वेगळे भाग शेजारी ठेवले आहेत. ही रचना कोरड्या, दिवसा फार तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या हवेसाठी आहे. पनवेलला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा दमट असते आणि दिवसरात्रीच्या तापमानात तेवढा फरक पडत नाही. येथे गारवा मिळतो तो अंगावरून वाहणाऱ्या वाऱ्याने, जाड भिंतींनी आणि उंच धुराड्यासारख्या पोकळीने नव्हे. अहमदाबादचे घर पनवेलला आणणे म्हणजे कोरिया यांचे रूप घेऊन त्यांचा विचार टाकून देणे होय.

या ठिकाणी कोकणातल्या जुन्या घराची आठवण ठेवणे हिताचे ठरते. देशावरच्या वाड्याच्या मध्यभागी चौक असतो, तर कोकणातल्या सामान्य घराचे अंगण घरासमोर असते. त्यानंतर पायरी चढून ओटी किंवा पडवी, मग माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि परसू असा क्रम लागतो. मोठ्या सावकारी वाड्यांचे अपवाद सोडले तर कोकणाने मधला चौक फारसा स्वीकारला नाही, आणि त्याचे कारण उघड आहे: चारही बाजूंच्या छपरांचे पाणी घराच्या पोटात ओढून घेणे चार महिन्यांच्या पावसात परवडणारे नाही. पावसाळा संपला की अंगण चोपून सारवायचे, त्यावर मांडव घालायचा आणि पुढच्या पावसाआधी तो उतरवायचा, ही रीत म्हणजे आकाशाला खुल्या जागेचा ऋतुमानानुसार केलेला वापरच आहे. बेलापूरची अंगणेही घरांच्या पोटात नसून घरांच्या मध्ये आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. पनवेलच्या भूखंडावर म्हणूनच पहिली पसंती पुढच्या किंवा बाजूच्या अंगणाला द्यावी. दोन बाजूंनी घर, तिसऱ्या बाजूला पडवी आणि चौथ्या बाजूला कुंपणभिंत अशी काटकोनी मांडणी लहान भूखंडावरही बसते.

तरीही मधला चौक हवाच असेल तर त्याचा हिशेब आधी करावा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस या भागात अशक्य नाही. ४ मीटर बाय ५ मीटरच्या चौकात अशा एका तासात २,००० लिटर पाणी पडते. पण भोवतालच्या ८० चौरस मीटर छपराचा उतार चौकाकडे असेल तर तेच पाणी १०,००० लिटर होते. यावरून तीन गोष्टी ठरतात. छपरांचा उतार शक्यतो बाहेर काढावा, आणि आत काढणे भागच असेल तर छपराच्या कडेला पुरेशी रुंद पन्हळ लावून ते पाणी थेट टाकीत न्यावे. चौकाची जमीन भोवतालच्या जोत्यापेक्षा किमान दोन पायऱ्या, म्हणजे ३० सेंटिमीटर, खाली असावी. निचऱ्याची वाट एक असून चालत नाही. एक पालापाचोळ्याने तुंबली तरी दुसरी चालू राहील अशा दोन स्वतंत्र वाटा काढाव्यात, आणि त्या दोन्ही शयनगृहाच्या फरशीखालून नेऊ नयेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. असा दिवस रोज येत नाही, पण जोत्याची उंची ठरवताना तो विसरूनही चालत नाही. गाढी आणि काळुंद्री नद्यांच्या किंवा खाडीच्या जवळ भूखंड असेल तर जुन्या रहिवाशांना त्या वर्षी पाणी कोठवर आले होते हे विचारावे, आणि अधिकृत पूररेषा तपासून मगच मापे लिहावीत.

उन्हाचा हिशेब पावसापेक्षा सोपा आहे, कारण तो निश्चित आहे. पनवेल उत्तर अक्षांश १९ अंशांच्या जवळ असल्यामुळे मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, म्हणजे शून्य सावलीच्या दिवशी, मध्यान्हीचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो दक्षिणेला ७१ अंशांवर, तर डिसेंबरच्या अखेरीस सुमारे ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीवर ६० सेंटिमीटरचा छज्जा, म्हणजे भिंतीबाहेर काढलेली आडवी फळी, विषुवदिनी दुपारी पावणेदोन मीटर खालपर्यंत सावली देतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम ६५ सेंटिमीटर. म्हणजे नको तेव्हा ऊन अडते आणि हवे तेव्हा येते. पश्चिमेला हाच छज्जा निरुपयोगी आहे. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून फक्त ३० अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे ६० सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली खिडकीवर ३५-४० सेंटिमीटरपलीकडे उतरत नाही.

पश्चिमेचा हा पेच मुंबईत अधिक अवघड आहे, कारण समुद्राचा देखावा आणि वारा त्याच दिशेला आहेत, आणि तापते ऊन व झोडपणारा पाऊसही. कोरिया यांनी पेडर रोडवरच्या कांचनजंगा इमारतीत त्यावर जो उपाय केला तो कौलांपेक्षा कितीतरी अधिक अनुकरणीय आहे. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या २८ मजली इमारतीत ३२ सदनिका आहेत, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची बाग-पडवी खोलवर कोरली आहे. वसाहतकाळातल्या बंगल्याला वेढणाऱ्या व्हरांड्याचे काम ती करते, म्हणजे ऊन आणि पाऊस यांचा जोर खोलीच्या भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्च होतो. पनवेलच्या एक-दोन मजली घराला एवढे नाट्य नको. पश्चिमेला आणि नैऋत्येला २.४ मीटर खोल पडवी, तिच्या छपराची कड २.१ मीटरपर्यंत खाली आणलेली, आणि कडेला गरजेनुसार सोडता येणारे बांबूचे किंवा झावळ्यांचे पडदे, एवढे पुरते. पावसाळ्यापूर्वी झोड येणाऱ्या बाजूला झाप बांधण्याची कोकणातील रीत याच कारणासाठी होती. जिना, न्हाणीघर, कोठी, कपाटांची भिंत या ज्या जागांत माणूस फार वेळ बसत नाही त्याही पश्चिमेला टाकल्या तर उन्हाचा मारा त्या झेलतात.

सर्वांत जास्त ऊन मात्र भिंतींवर पडतच नाही, छतावर पडते. सपाट स्लॅब असेल तर ब्रिकबॅट कोब्यावर, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थरावर, पांढऱ्या चायना मोझेकचा थर द्यावा आणि गच्चीच्या काही भागावर कोरिया वारंवार वापरत तसा लाकडी किंवा लोखंडी पट्ट्यांचा मांडव उभारावा; उतरत्या छपराखाली माळा ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना जाळीचे झरोके सोडावेत. कौले बसवणाऱ्यांनी दरवर्षीच्या शाकारणीची, म्हणजे फुटकी कौले बदलून पावसाळ्यापूर्वी छप्पर नीट करण्याची, तयारी आधीच ठेवावी. ते काम जाणणारी माणसे आता सहज मिळत नाहीत, आणि बेलापूरची कौले जाऊन स्लॅब येण्यात या गोष्टीचाही वाटा असावा.

वाऱ्यासाठी प्रत्येक वापरत्या खोलीला समोरासमोरच्या नाही तर निदान लगतच्या दोन भिंतींत खिडक्या हव्यात, आणि आत येणारा वारा बसलेल्या किंवा निजलेल्या माणसाच्या उंचीवरून जावा म्हणून खिडकीची खालची कड जमिनीपासून ६० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी. डासांची जाळी लावली की वारा बराच घटतो, तेव्हा जाळी लागणारी खिडकी मूळ हिशेबापेक्षा मोठी घ्यावी. ही साधी गोष्ट नकाशे तपासताना हटकून राहून जाते.

वाढीचा विचार पायाभरणीच्या वेळीच होऊ शकतो, नंतर नाही. पुढे एक मजला चढवायचा असेल तर पाया आणि खांब त्या भारासाठी संरचना अभियंत्याकडून आजच काढून घ्यावेत, जिना अशा जागी ठेवावा की वरच्या मजल्याला खालच्या घरातून न जाता स्वतंत्र वाट मिळेल, आणि न्हाणीघरे एकावर एक व शक्यतो पाठीला पाठ लावून ठेवावीत. बेलापूरलाही, घरांना सामाईक भिंत नसली तरी, दोन घरांची स्वच्छतागृहे जोडून नळांचा आणि मलवाहिनीचा खर्च कमी केला होता. वाढीचा प्रत्येक टप्पा नकाशावर वेगळ्या रंगाने आज रंगवून घ्यावा, आणि त्या सगळ्या टप्प्यांनंतरही अंगण शिल्लक राहते की नाही हे पाहावे. कुटुंबात पैसा आला की पहिला बळी अंगणाचा जातो, आणि तेथे गाडी उभी राहते. म्हणून गाडीची जागा सुरुवातीलाच दाखवलेली बरी.

रायगड जिल्ह्यात अनुकरणासाठी दुसरीही नावे घेतली जातात. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट यांच्या हाताखाली शिकून आलेले नारी गांधी (१९३४–१९९३) तयार नकाशांवर विसंबून न राहता कारागिरांबरोबर जागेवर उभे राहून घर घडवत. आजच्या परवानगीच्या व्यवस्थेत तसे बांधता येत नाही, आणि त्यांच्या कमानींची नुसती नक्कल खर्चिक ठरते. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने नांदगावला नारळीच्या बागेत बांधलेले पाल्मायरा हाउस (२००७) हे ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांनी वेढलेले घर जाणकारांना भुरळ घालते, पण त्यातली सुतारकी आणि देखभाल सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली नाही. कोरिया यांचा बेलापूरचा मार्ग मध्यमवर्गीय पनवेलकराला जवळचा आहे तो याच कारणाने.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगायचे तर, भूखंड कोणाच्या हद्दीत आहे हे पहिल्यांदा ठरवावे, कारण २०१६ मध्ये स्थापन झालेली पनवेल महानगरपालिका आणि सिडको, तसेच विमानतळ प्रभावक्षेत्र म्हणून अधिसूचित झालेला नैना प्रदेश, यांच्या सीमा एकमेकींना लागून आहेत आणि परवानगी देणारे प्राधिकरण त्यानुसार बदलते. जमीन शेतीची असेल तर सातबारा उतारा आणि विकास आराखड्यातील वापर विभाग पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. समासातील अंतरे, म्हणजे भूखंडाच्या कडेपासून सोडायच्या जागा, आणि आतील चौकाची किमान मापे त्या त्या क्षेत्राला लागू असलेल्या विकास नियंत्रण नियमावलीत दिलेली असतात. नवी मुंबई विमानतळामुळे इमारतीच्या उंचीवरही मर्यादा येऊ शकते. आपला सल्लागार वास्तुकला परिषदेकडे नोंदलेला आहे याची खात्री करावी, कारण १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय वास्तुविशारद ही उपाधी लावता येत नाही. कलात्मक स्वरूपाच्या वास्तूलाही भारतात स्वामित्वहक्काचे संरक्षण आहे आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते, तेव्हा एखाद्या छापील नकाशाची हुबेहूब प्रत काढण्याची मागणी करू नये. तत्त्वावर मात्र कोणाचाही हक्क नसतो.

वास्तुविशारदाकडून रेखाटने मागवण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. प्रथम छेद-नकाशा, म्हणजे घर उभे कापले असता जोते, छत, पडवी आणि अंगण यांच्या उंची कशा दिसतात ते दाखवणारे रेखाटन. मग पावसाच्या पाण्याची वाट. मग वाढीचे टप्पे. आणि दर्शनी बाजू अगदी शेवटी. काम दसऱ्याच्या सुमारास सुरू करून मेअखेरीस छत पूर्ण होईल असा करार करावा. अंगणाची फरशी मात्र त्या करारातून वगळावी आणि पहिल्या पावसाळ्यात तेथे नुसता मुरूम दाबून ठेवावा, कारण पाणी प्रत्यक्षात कोठे साचते आणि कोणत्या कडेने वाहते हे तेव्हाच कळते. दगड किंवा फरशी त्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, त्या उताराला धरून बसवावी.